यंत्रमागाची स्टेनलेस स्प्रिंग वारंवार तुटत असेल तर
सोलापुरात चादरी-टॉवेल विणणारा यंत्रमाग मिनिटाला १२० पिकांच्या (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक) वेगाने दिवसाचे वीस तास चालला, तर प्रत्येक पिकाला एकदा ताणली जाणारी स्प्रिंग सुमारे सत्तर दिवसांत एक कोटी वेळा ताणली जाते. म्हणूनच ती बहुधा एखाद्या जोरदार झटक्याने नव्हे, तर धातूच्या थकव्याने तुटते. तुटलेला तुकडा फेकून देऊ नये. भिंगाखाली तुटीच्या कडेला शिंपल्यासारखी वलये असलेला गुळगुळीत भाग दिसल्यास भेग हळूहळू वाढत गेली, असे समजावे.

नवी तारही भिंगाखाली पाहावी, कारण थंड अवस्थेत डायमधून (तार बारीक करणाऱ्या साच्याच्या छिद्रातून) ओढताना पडलेला बारीक ओरखडा, तारेची ताणशक्ती कितीही जास्त असली तरी, भेगेचे उगमस्थान ठरू शकतो. (स्टेनलेस पोलादाच्या ३०४ या प्रतीची ओढलेली तार चुंबकाला किंचित चिकटते, ओढण्याने तिची अंतर्गत रचना अंशतः बदललेली असते, त्यामुळे तेवढ्यावरून ती बनावट ठरवू नये.) गुंडाळलेली स्प्रिंग सुमारे ३५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भट्टीत ठेवून तिच्यातील उरलेला ताण उतरवावा, ही पायरी वगळणे, माझ्या मते, सर्वांत महागात पडते. स्प्रिंगच्या टोकाच्या आकड्याचा (हुकाचा) वाक गोलसर ठेवावा आणि तेथे पक्कडीचे व्रण पडू देऊ नयेत.