परड्याच्या जाळीत धामण अडकू नये म्हणून

कोकणात भाजीच्या वाफ्यांना कोंबड्यांपासून जपायला मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं लावतात. स्वस्त आणि टिकाऊ, पण खालचं टोक मातीत पुरलं की उंदरामागे आलेली धामण त्यात हमखास अडकते. डोकं आरपार जातं, मधला जाड भाग अडकतो, आणि खवल्यांची टोकं मागे वळलेली असल्यामुळे तिला मागेही सरकता येत नाही. उन्हात तासन्‌तास तडफडते बिचारी. आमच्या परड्यात असं दोनदा झालं, तेव्हापासून पुढची पद्धत ठेवली आहे.

१. जाळं जमिनीपासून वीतभर वर उचलून ताणून बांधा. सैल लोंबणारं जाळं सगळ्यात वाईट.
२. खालच्या मोकळ्या जागेत माडाचे विणलेले झाप आडवे लावून काठ्यांना सुंभाने बांधा. झाप जमिनीला घट्ट दाबू नका. कोंबडी आत शिरत नाही, धामण मात्र खालून सरपटत निघून जाते.
३. उरलेले जाळ्याचे तुकडे कुंपणाशी टाकून ठेवू नका, गुंडाळून पडवीत टांगा.

झाप पावसात कुजतात, तेवढे दरवर्षी बदलावे लागतात. झावळ्या घरच्याच, त्यामुळे खर्च असा नाहीच.

तरीही साप अडकलाच, तर स्वतः कापायला जाऊ नका. धामण बिनविषारी, पण घोणस किंवा नागही असू शकतो, आणि घाईत ओळख चुकते. लांबूनच गोणपाटाची सावली करा, कुत्र्यांना बांधा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.