जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा कार्बोरेटर गळतोय? आधी सकाळी बघा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या धगीनं कार्बोरेटरमधलं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं) पेट्रोल उकळून ओसंडतं. ती खरी गळती नव्हे. म्हणून तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना, बॅटरीची वायर काढून करा. तेव्हाही ओल दिसली तर फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट बदलाच. नाहीतर नीडल व्हॉल्व्हमधला, म्हणजे आत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या सुईसारख्या झडपेतला, कचरा साफ करा.

गळतीनंतर टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ. त्याला हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधलं अंतर, बघा. जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, हे बरेच जण विसरतात! उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन टकटकलं तर टायमिंग किंचित मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. जास्त मागे घेतलं तर इंजिन तापेल.