रंग धरलेला चांदीचा रुपया कसा ओळखावा, कसा जपावा

लक्ष्मीपूजनाआधी राणीछाप रुपये चिंचेने किंवा रांगोळीने घासून लख्ख करायची सवय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक घरांत आहे. संग्रहासाठी मात्र हेच सर्वांत मोठं नुकसान. म्हणून आधी घरातलेच रुपये पाहा आणि ज्यांवर रंग दिसतो, ते पूजेच्या ताटापासून वेगळे ठेवा.

हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखेच हे रंग. थर जसा जाड होतो, तसा रंग ठरावीक क्रमाने बदलतो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. त्यापुढे पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा आणि शेवटी काळा. हा क्रम पाठ करा, कारण खरेदीत तोच कामाला येतो.

बेळगावातल्या शहापूरच्या सराफांकडे किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात रुपया कडेला धरून घ्या, छापावर बोट लावू नका. एकाच दिव्याखाली हळूहळू कलता करा. अस्सल नाण्यावर रंगाच्या खालून चमकेचा पट्टा गोल फिरतो. रंग मेलेला, सपाट दिसला तर मूळ चमक आधीच गेलेली असते. मग 10 पट भिंगातून पाहा. एकमेकींना समांतर बारीक ओरखडे आणि त्यांवर रंग, म्हणजे नाणं घासून नंतर रंग चढलेला किंवा चढवलेला. सोनेरी-जांभळा टप्पा न येता चांदीला थेट गडद निळा लागलेला असेल, तर उष्णता किंवा गंधकाचं रसायन वापरल्याची शंका घ्या. असा रुपया मी स्वस्तातही घ्यायला सांगणार नाही.

वजन करायलाच हवं. व्हिक्टोरिया ते पाचवा जॉर्ज यांच्या रुपयाचं प्रमाण वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. झिजेने थोडं कमी भरतं. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणून नवख्याने त्याआधीचेच घ्यावेत. हारातून सुटलेल्या रुपयाची कड नीट तपासा, कडीचा टाका काढल्याची खूण बहुतेकदा तिथेच असते.

जपताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यांतून सुटणारा हिरवट चिकट थर चांदी खातो. मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या घ्या. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको, त्यांतलं गंधक रंग काळ्याकडे ढकलतं. खानापूरकडच्या पावसात हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर कोरडे करून परत वापरा.

हिरवा चिकटपणा लागलाच, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून दूर. बाहेर काढून न पुसता वाळू द्या. रंग तसाच राहतो. चांदी चकचकीत करणाऱ्या द्रावणात मात्र तो काही सेकंदांत विरघळतो.