ठोके फास्ट पडतायत, मग ईसीजीत नक्की बघायचं काय?

मिनिटाला १०० च्या वर ठोके गेले की टॅकिकार्डिया म्हणतात, पण प्रकार कुठला ते पट्टी बघूनच कळतं. आणि पट्टीच्याही आधी पेशंट बघा: बीपी पडलंय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय असं असेल तर कागद वाचत बसू नका, आधी उपचार.

पेशंट स्टेबल असेल तर पहिलं स्पीड काढा. कागद सहसा सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणजे मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन बसतात त्याने ३०० ला भागा, दोन बसले तर १५०. अंतर कमीजास्त असेल तर ३० मोठ्या चौकोनांतली टोकं मोजून १० ने गुणा.

मग क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या त्या उंच टोकाची, रुंदी. तीन छोटे चौकोन किंवा जास्त भरली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, खालच्या कप्प्यांतूनच सुरू होणारे फास्ट ठोके) धरून चालायचं, त्यात आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल तर जास्तच. पेशंट नीट बोलतोय, बीपी चांगलंय म्हणून व्हीटी नसेल असं कृपया समजू नका, ही चूक जिवावर बेतते. पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) वेगळ्या तालात आणि क्यूआरएस वेगळ्या तालात चाललेत असं दिसलं तर व्हीटी जवळपास पक्की.

रुंदी कमी असेल तर ताल बघा. कोऱ्या कागदाच्या कडेवर लागोपाठ चार टोकांच्या खुणा करा आणि कागद पुढे सरकवा, खुणा कुठेच जुळत नाहीत आणि पी पण दिसत नाही म्हणजे बहुतेक एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे बेताल थरथरणं).

खुणा जुळल्या तर लीड टू मध्ये पी शोधा (लीड म्हणजे हृदयाकडे एकेका कोनातून बघणारी ईसीजीतली रेघ). प्रत्येक क्यूआरएसआधी सरळ उभा पी असेल तर सायनस टॅकिकार्डिया (ठोके नेहमीच्याच जागेतून, फक्त फास्ट), तिथे ताप, रक्तस्राव, पाणी कमी होणं असं मूळ कारण शोधायचं, नुसते ठोके कमी करायच्या मागे लागायचं नाही. पी सापडतच नाही, स्पीड १५० ते २५० आणि धडधड बटण दाबल्यासारखी अचानक सुरू झाली तर एसव्हीटीचा (खालच्या कप्प्यांच्या वरून सुरू होणाऱ्या फास्ट ठोक्यांचा) संशय घ्या.

पण स्पीड अगदी १५० च्या आसपास अडकून बसलं असेल तर घाई नको, एट्रियल फ्लटर शोधा. वरचे कप्पे ३०० ने धावतात आणि दोनातला एकच ठोका खाली पोचतो, त्यामुळे लीड टू, थ्री, एव्हीएफ मध्ये करवतीचे दात दिसतात, फक्त एक दात क्यूआरएस नाहीतर टी वेव्हमध्ये (क्यूआरएसनंतरच्या लाटेत) लपतो म्हणून नजरेतून सुटतो. अशा वेळी पट्टी उलटी धरून बघा, दात पटकन डोळ्यात भरतात.