बाजाराच्या दिवसाची गोळी

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, त्या दिवशी आमच्या फार्मसीच्या काउंटरवर कोपर टेकायला जागा नसते. पेडणे, डिचोली, अगदी दोडामार्गाहून आलेली माणसं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि लक्ष सगळं बसच्या वेळेकडे. या काउंटरमागे मला २६ वर्षं झाली. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी सांगते, गिऱ्हाइकाला "समजलं ना?" असं विचारायचं नाही.

हे मी पुस्तकात शिकले नाही. काही वर्षांपूर्वी साठीची एक बाई संधिवाताची चिठ्ठी घेऊन आली. मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड. महिन्याच्या चार गोळ्या मी कापून दिल्या, तोंडाने सांगितलं, पाकिटावर लिहिलं आणि विचारलं, "समजलं ना?" तिने मान हलवली. पाचव्या दिवशी ती पुन्हा दारात. "बाये, ती ल्हान गुळी सोंपली."

चार दिवसांत चार. हे औषध शरीरातल्या पेशींची वाढ रोखतं. आठवड्याला एक असेल तर सांध्यांना आराम देतं, रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, माणूस दगावूही शकतो. तिच्या तोंडात फोड यायला लागले होते. रिकामी स्ट्रिप हातात देऊन मी तिला तिथूनच हॉस्पिटलात पाठवलं. बरी झाली, पण काही दिवस वॉर्डात काढावे लागले. चूक तिची नव्हती. बीपीची गोळी रोज, साखरेची रोज, जन्मभर जी गोळी घेतली ती रोजच. माझा तो "आठवडा" बसच्या घाईत तिच्या कानावरून गेला आणि मान हलली ती केवळ माझा मान राखायला.

आता या गोळीला मी "आठवड्यातून एकदा" म्हणून सोडत नाही. वार ठरवते. डॉक्टरांनी लिहिला नसेल तर त्यांना फोन करून विचारते. मग गिऱ्हाइकाला म्हणते, "शुक्रवारी बाजाराला येता ना? ही बाजाराच्या दिवसाची गोळी." (एका आजोबांनी विचारलं होतं, पावसामुळे बाजाराला आलो नाही तर? तेव्हापासून पुढे जोडते, "बाजाराला आला नाहीत तरी शुक्रवार तो शुक्रवारच.") ख्रिश्चन गिऱ्हाईक असेल तर "आठवडा"पेक्षा "सुमान" पटकन पोचतं. पाकिटावर देवनागरीत ठळक "फक्त शुक्रवार" लिहायचं आणि ते पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवायचं नाही, वेगळं ठेवायचं.

"समजलं ना?" ऐवजी काय विचारायचं? माझं वाक्य ठरलेलं आहे: "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय मला. घरी गेल्यावर सुनेनं विचारलं, ही गोळी कधी घ्यायची, तर काय सांगाल तिला?" परीक्षा माझी, त्यांची नाही, हे त्यांना कळलं की माणसं मोकळेपणी बोलतात. चुकलं तर "नाही हो, तसं नाही" असं तोंडावर मारायचं नाही. "माझंच सांगायचं राहिलं," म्हणायचं, आधीपेक्षा थोडक्यात सांगायचं आणि पुन्हा त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. दीड-दोन मिनिटं जातात. मागची रांग कुरकुर करते, करू दे.

दुसरं, गोळी कशासाठी ते प्रत्येक पाकिटावर लिहा. "साखर", "बीपी", "थायरॉइड", एका शब्दात. याचा फायदा आम्हाला जास्त होतो. आमच्याकडच्या एका मुलाने घाईत साखरेच्या मेटफॉर्मिनच्या जागी जंतुसंसर्गावरचं मेट्रोनिडाझोल दिलं होतं. दोन्ही नावं "मेट"ने सुरू होतात आणि फळीवर शेजारी-शेजारी होती. एक म्हातारे गृहस्थ पायरी उतरता उतरता मागे वळले, "बाये, ही ती न्हय. म्हजी साखरेची खंय?" त्यांना नाव वाचता येत नव्हतं, पण साखरेची गोळी कशी दिसते ते ठाऊक होतं. असा हुज्जत घालणारा पेशंट मला हवा असतो. त्या दिवसापासून ती दोन औषधं आमच्याकडे वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

तिसरं म्हणजे पिशवी. बांबोळीच्या सरकारी किंवा कुठल्याही हॉस्पिटलातून सुटी मिळून आलेल्या माणसाला सांगायचं, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणा. काढा, चूर्ण, तेल, सगळं. ती काउंटरवर ओतायची आणि घरच्या माणसाला स्ट्रिपवरचं लहान अक्षरातलं नाव शोधायला लावायचं. कंपनीचं नाव मोठं असतं, औषधाचं खरं नाव बारीक. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपवर तेच बीपीचं "ॲम्लोडिपिन" निघतं: एक आधीच्या डॉक्टरची, एक हॉस्पिटलची, आणि पेशंट इमानदारीत दोन्ही घेतोय. असं सापडलं तर आपल्या मनाने कुठलीही बंद करायला सांगू नका, डॉक्टरांना फोन लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांतल्या चुका टाळण्यासाठी मोहीम सुरू केली. त्यात सावध राहायचे पाच प्रसंग सांगितले आहेत: औषध सुरू करताना, घेताना, नवं जोडताना, आढावा घेताना आणि थांबवताना. शेवटचा आपण नेमका विसरतो. बंद केलेली गोळी डब्यात तशीच पडून असते आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) धांदलीत कोणीतरी तीच काढून देतं.

गोव्यातल्या पिशवीत हमखास परदेशी बाटली निघते. मुलगा बोटीवर, मुलगी अमेरिकेत. बाटलीवर "ॲसिटामिनोफेन" लिहिलेलं असतं. ते आपलं पॅरासिटामॉलच. हिशेब समोर मांडून दाखवा: तापाची ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. त्यात सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात प्रत्येकी ५०० पॅरासिटामॉल, म्हणजे १५००. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. यकृत अशक्त असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरीच कमी. बेरीज ऐकून लोक गप्प होतात, आणि बाटली परत पिशवीत जाते.

पातळ औषध पाण्याने दाखवा. घरातल्या कुलेरीचा, म्हणजे चमच्याचा, भरवसा नाही, कोणाची लहान, कोणाची खोल. बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज द्या आणि ५ मिलीची रेघ आईलाच भरायला लावा. बाळाचे ड्रॉप्स आणि सिरप एकच समजू नका. ड्रॉप्समध्ये औषध कितीतरी दाट असतं.

इन्सुलिनच्या बाबतीत तर हातात सिरिंज घेतल्याशिवाय सोडू नका. आपल्याकडे बहुतेक बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० वाली नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात फक्त ४ युनिट जातात. उलटं झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर १० ऐवजी २५. त्यात साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो.

बाकीचं पटकन. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल ती गोळी औषध हळूहळू सोडणारी, ती कुटायची नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि स्ट्रिप कापताना एक्स्पायरी छापलेल्या बाजूने सुरुवात करू नका. मी अजून रोज एकदा तरी हे कोणाला तरी ओरडून सांगते.

एवढं करूनही चूक होतेच. चूक झाली की लोक लपवतात, विशेषतः सुना सासूपासून. म्हणून आधीच सांगून ठेवा, रागावणार नाही, फोन करा. श्वास लागला, तोंड सुजलं, शुद्ध हरपली तर १०८. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर तो नोंदवायला सरकारी टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. आणि हॉस्पिटलात जाताना स्ट्रिप सोबत न्या, रिकामी असली तरी.