टोकियोत आई-बाबांना बोलावताय?

टोकियोतल्या निशी-कासाई भागात घर मिळालं, चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला, की आपल्या बहुतेक घरांत पुढचा बेत ठरतो तो आई-बाबांना बोलावण्याचा. जरूर बोलवा. वय झालेल्या माणसांची हे शहर मनापासून काळजी घेतं. पण इथली रीत समजून घ्या: जे हवं ते आधी सांगायचं. ऐन वेळी मागितलं तर समोरचा माणूस गडबडतो, आधी कळवलं तर सगळी तयारी करून वाट बघतो. आणि न मागता सहसा कोणी पुढे येत नाही. तो कोरडेपणा नव्हे, आपल्यामुळे दुसऱ्याला संकोच वाटू नये ही त्यामागची भावना असते.

सुरुवात औषधांपासून करा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. तीन महिने राहणार म्हणून आई बीपी-शुगरच्या तीन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरतीच थेट आणता येतात. जास्त असतील तर निघण्याआधी ‘युनयु काकुनिन-शो’ हे परवानगीपत्र घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं तर एकेक तपासा. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध इथे आणायला बंदी आहे. प्रवास विमाही तिकिटाबरोबरच काढून टाका.

गुडघे दुखतात म्हणून बाबांना घरात बसवून ठेवू नका. व्हीलचेअर असेल तर स्टेशनच्या गेटवर कर्मचाऱ्याला ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणून कुठे उतरायचं ते सांगा. तो फलाटावर येऊन डब्याला उतरती फळी लावतो आणि उतरायच्या स्टेशनला फोन करून ठेवतो. तिथे दुसरा कर्मचारी फळी घेऊन दारापाशी उभा असतो. यात कोणावर उपकार केल्याचा भाव नसतो, म्हणून बिनधास्त सांगा, फक्त वेळ थोडा जास्त धरून निघा. मात्र स्टेशनच्या प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नसते, त्यामुळे नकाशात लिफ्टवाला एक्झिट आधी शोधा. ओतेमाचीसारख्या मोठ्या स्टेशनात चुकीच्या बाजूने वर आलात, तर जमिनीखालून बरंच चालावं लागतं. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात मुख्य सभामंडपापर्यंत लिफ्ट आहे, हे कित्येकांना माहीतच नसतं.

दुखणं वरून दिसत नसेल, म्हणजे हृदयविकार, कृत्रिम सांधा किंवा घरात कोणी नुकतीच गरोदर असेल, तर लाल रंगाचा ‘हेल्प मार्क’, म्हणजे मदतीची गरज असल्याचं इतरांना कळवणारी खूण, पिशवीला अडकवा. टोकियो महानगर प्रशासनाने तो 2012 साली सुरू केला. तोएई सबवेच्या, म्हणजे याच प्रशासनाच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर मागितला की मोफत मिळतो.

बाहेर जेवायचं असेल तर नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा यांत बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. काय काय चालत नाही ते जपानीत लिहून घ्या आणि टेबल बुक करतानाच कळवा. ताटं मांडल्यावर बदल करायला सांगू नका. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी आई असेल तर ‘शोजिन र्योरी’, म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण शोधा. परंपरेने त्यात दोन्ही नसतात. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, मांडी घालून बसणं जमत नसेल तर खुर्ची मागा, नाहीतर ‘होरिगोतात्सु’, म्हणजे पाय सोडायला खाली खड्डा असलेलं टेबल.

गाडीत फोनवर बोलायचं नाही, हे आई-बाबांना भारतातून निघण्याआधीच सांगा. इथे डब्यात सगळ्यांदेखत टोकलं तर त्यांना लागतं. शेजाऱ्यांनाही पाहुणे येणार असल्याचं छोट्या मिठाईच्या खोक्यासह कळवा. मग पहाटेच्या कुकरच्या शिट्टीबद्दल तक्रार येण्याआधी ते तुमच्याशीच बोलतील.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 119, पोलिसांसाठी 110. घरचा पत्ता, तुमचा फोन नंबर आणि चालू औषधांची नावं जपानीत लिहून तो कागद बाबांच्या पाकिटात ठेवा. ते एकटे फिरायला गेले आणि वाट चुकली, तर जवळच्या ‘कोबान’ पोलीस चौकीत तो दाखवायचा.