टेबल सॉच्या विंगमध्ये राउटर बसवा, पण आधी खाच आणि मग भोक

टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या करवतीच्या) उजवीकडची विंग, म्हणजे टेबल रुंद करणारा जोडफळा, बहुतेक वेळ रिकामी पडून असते. तिच्यात राउटर (फिरत्या पात्यानं, म्हणजे बिटनं, लाकूड कोरणारं यंत्र) उलटा टांगला की वेगळ्या टेबलाची जागा वाचते आणि सॉचा फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सारायची सरळ आड, दोन्ही कामांना पुरतो. मी आजवर अशा पाच विंग केल्या. पहिली फेकून द्यावी लागली, तीही एकाच टप्प्यापायी, म्हणून त्या टप्प्याबद्दल सविस्तर लिहितो.

विंगसाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) घ्या असं सर्रास सांगतात. घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि राउटरच्या वजनानं मधोमध झोळ येतो. आयएस 710 छापाचा 18 मिमी मरीन प्लाय घ्या, दोन तुकडे फेविकॉलनं एकमेकांवर चिकटवा आणि सनमायका वर-खाली दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावली तर फळा वाकतो.

भोकाची जागा आखण्याआधी सॉचा प्लग काढा, पातं 45 अंशांपर्यंत झुकवा आणि मोटर कुठवर येते ते खाली वाकून बघा. राउटर तिच्या वाटेत येता कामा नये.

आता इन्सर्ट प्लेटची खाच. राउटर या प्लेटला खालून टांगतात, आणि ती विंगशी समतल बसावी म्हणून ही खाच. सगळं काम इथंच आहे.

बहुतेक जण आधी जिगसॉनं (वर-खाली चालणाऱ्या हातातल्या करवतीनं) मोठं भोक पाडतात आणि मग त्याच्या कडेनं खाच काढायला राउटर घेतात. मीही तेच केलं होतं. मधला लाकडाचा आधार गेलेला असल्यामुळे कोपऱ्यावर वळताना राउटर आत कलला आणि खाच एका ठिकाणी दोन मिमी जास्त खोल गेली. खाच आधी काढा, भोक शेवटी पाडा. यात दुसरा पर्याय मी मानत नाही.

प्लेटची मापं पट्टीनं घेऊन आखत बसू नका. प्लेटच फळ्यावर ठेवा आणि 18 मिमी जाडीच्या चार सरळ पट्ट्या तिला चारही बाजूंनी भिडवा. लगतच्या दोन बाजूंना पट्टी आणि प्लेट यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा एकेक तुकडा सरकवा. बिट बदलताना प्लेट पुन्हापुन्हा उचलावी लागते, त्यामुळे ती ठोकून बसवण्याइतकी घट्ट नको. पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीनं पक्क्या करा, कोपऱ्यांवर स्क्रूनं एकमेकींना जोडा आणि मग प्लेट काढून घ्या. हे झालं टेम्प्लेट.

बिट लागतो वर, म्हणजे दांड्याकडे, बेअरिंग असलेला. त्याच्या पात्याची लांबी 12 मिमीच्या आसपासच हवी, आणि हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे 25 मिमी पात्याचा होता. पहिला हात, म्हणजे राउटरची पहिली फेरी, 3 मिमी खोल घ्यायचा म्हटलं, तर बेअरिंग टेम्प्लेटच्या वरच राहिलं आणि पात्यानं टेम्प्लेटच खाल्लं. पुढचा प्रत्येक हात त्या खाल्लेल्या रेषेवरून गेला. आखूड पातं आणि जाड पट्टी असेल, तर पहिल्या हातापासून बेअरिंगला टेकायला जागा मिळते.

कोपऱ्याची गोलाई बिटवर ठरते. 19 मिमीचा बिट 9.5 मिमी त्रिज्येचा कोपरा सोडतो. प्लेटचा कोपरा त्याहून टोकदार असेल तर ती बसणार नाही. अशा वेळी पटाशीनं प्लाय कोरू नका, सनमायका तडकते. ॲल्युमिनियमच्या प्लेटचा कोपरा कानशीनं गोल करा, पाच मिनिटांचं काम आहे.

खोली प्लेटच्या जाडीइतकी अचूक ठेवायचा हट्टही सोडा. प्लेट 8 मिमीची असेल तर खाच 9 मिमी काढा, एका हातात 3 मिमीपेक्षा जास्त नको. मग कडेनं प्लेट टेकायला 12 मिमीचा ओटा सोडून आतला भाग जिगसॉनं कापून टाका. राहिलेला एक मिमी प्लेटच्या कोपऱ्यातल्या, उंची लावायच्या ॲलन स्क्रूंनी भरून काढायचा. हे स्क्रू थेट प्लायवर टेकवले, तर दोन महिन्यांत लाकडात रुततात आणि प्लेट खाली बसते. म्हणून प्रत्येक स्क्रूखाली ओट्यात सपाट डोक्याचा एक लोखंडी स्क्रू आधीच पिळून ठेवा, लोखंड लोखंडावर टेकू द्या.

समतल झाली की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका. सरळ पट्टी तिरपी ठेवून चारही कोपरे तपासा आणि मग नख फिरवा. प्लेट केसभर खाली राहिली तर लाकडाचं पुढचं टोक बाहेर पडताना कडेला अडतं, आणि तिथं थांबलेल्या लाकडाला बिट खोल खाच पाडतो. चूक व्हायचीच असेल तर केसभर वर होऊ द्या, प्लेटच्या कडा कानशीनं मारून ठेवा.

राउटर जोडणं, विंग फेन्सच्या रुळांमध्ये आवळून सॉशी समतल करणं ही साधी कामं आहेत. फट भरायला थंड पेयाच्या कॅनचा पत्रा चालतो. विंगमध्ये मायटर स्लॉट (कोनात कापायची गेज सरकवायची चर) पाडू नका, फळा कमकुवत होतो. फेन्स अगदी समांतर असण्याचीही चिंता नको. बिट गोल आहे, त्याला फक्त अंतर कळतं.

राउटरला स्वतंत्र स्विच द्या, आणि तो वीज गेल्यावर आपोआप बंद पडणारा, नो-व्होल्ट प्रकारचाच घ्या. आपल्याकडे वीज कधीही जाते, आणि आपण बिट बदलायला हात घातलेला असताना ती परत येते. 1600 वॅटचा राउटर सुमारे 7 अँपिअर ओढतो, म्हणून सॉकेट 16 अँपिअरचं हवं.

शेवटची गोष्ट हाताच्या सवयीची. सॉच्या फेन्सच्या उजव्या बाजूला लाकडी फेन्स जोडला की बिट त्याच्या उजवीकडे असतो. सॉसमोर उभं राहून, करवतीत सारतो तसं लाकूड पुढे ढकलाल, तर बिट ते हातातून हिसकावून घेईल. विंगच्या टोकाशी, फेन्सकडे तोंड करून उभे राहा आणि लाकूड उजवीकडून डावीकडे न्या, म्हणजे सॉच्या मागून पुढच्या दिशेला. त्याआधी सॉचं पातं टेबलाखाली उतरवा.